उरलेले बारा चिंचोके

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण वस्तीवर पुस्तकांचं कपाट असलेलं घर माझं एकट्याचं आहे. कपाट असलं की माणसाला ‘अहोरात्र’, ‘निःस्वार्थ’ आणि ‘देदीप्यमान’ हे शब्द शुद्ध लिहिता येतात, असा समज आहे. तो खरा आहे. म्हणूनच मी ते शक्यतो लिहीत नाही.

दौंड स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे नोकरी संपवली आणि शिरूर तालुक्यातल्या या वस्तीवर, घोड नदीच्या अंगाला, परत येऊन राहिलो. रेल्वेत असताना निरोपसमारंभ, सत्कार, साहेबांचं आगमन आणि साहेबांचं प्रयाण हे सगळं इतक्या वेळा पाहिलं, की कुणाच्या हातात घडी घातलेली शाल दिसली तरी मला घाम फुटतो. पण या वेळच्या सत्कारात मी स्वतःही होतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

सत्कार होता मुलांना बिबट्यापासून सांभाळून शाळेत नेणाऱ्यांचा.

आमच्या वस्तीपासून शाळा दीड-दोन किलोमीटर. रस्ता सगळा उसातून. गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा या रस्त्यावर बिबट्याची मादी दोन पिल्लांसह दिसायला लागली. एकाचं वासरू गेलं, दोघांची कुत्री गेली. आयांनी पोरं घरात कोंडली. वनखात्याने पिंजरा आणून लावला, आत बोकड बांधलं. मादीने पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोकड मात्र तिथं चांगलं पोसलं. मग मारुतीच्या देवळापुढे बैठक झाली. तिच्यात बिबट्यापेक्षा ग्रामपंचायतीची मागची निवडणूक जास्त निघाली.

तिढा सोडवला माझ्या आत्याने. सख्खी नव्हे, वडिलांची चुलत बहीण. ऐंशी कधीच ओलांडलेली, आवाज मात्र बैठक थांबवणारा. ती म्हणाली, रोज दोन मोठ्या माणसांनी जायचं. एक पुढं काठी घेऊन, एक मागं थाळी वाजवत. सकाळी पोचवायची, त्याच दोघांनी संध्याकाळी आणायची.

“आन् कुणी कुणाबर जायचं?” कुणीतरी विचारलं. प्रश्न खरा तोच होता. वस्तीत दोन पार्ट्या, त्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. ज्याला जो आवडतो तो त्याच्याबरोबर गेला असता, तर पोरांच्याही दोन रांगा झाल्या असत्या.

आत्या म्हणाली, “परत्येकानं परत्येकाबर एक डाव जायचं. आवडू न्हाईतर नावडू. समद्यांचं समद्यांशी झालं की फेरी पुरी. बदली चालायची न्हाई. ज्याला ताप आलाय त्याची जोडी उद्याला. त्या जनावराला काय, ते कुठल्या पार्टीचं हाय व्हय?”

तसं सुरू झालं. कुणाचं कुणाशी झालं आणि कुणाचं राहिलं, हे सगळं आत्याच्या डोक्यात. भावकीतली साठ वर्षांची भांडणं जिला क्रमवार पाठ होती, तिला हे काय अवघड. उद्याची जोडी ती संध्याकाळी सांगायची, आणि त्यांतल्या ज्याच्याकडे फोन असेल त्याचं नाव तिची सून फोनवरच्या ग्रुपवर टाकायची. पोरं सुखरूप परत आली की आत्या ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायची. एक दिवस, एक चिंचोका. तो टणकन वाजला की आया चुलीकडे वळायच्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटची जोडी जाऊन आली. आत्याने चिंचोका टाकला, झाकण घट्ट लावलं आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “झालं. समदी समद्यांबर चालली.” सुट्टी संपेपर्यंत रस्त्याकडेचा ऊस तुटून कारखान्याला गेला, रस्ता उघडा पडला, मादी पिल्लांना घेऊन नदीकडे सरकली. दुसऱ्या फेरीची गरजच उरली नाही. पुढे महिन्याभरात आत्या झोपेतच गेली. तिच्या सुनेने डबा मला आणून दिला. “तुमीच ठेवा काका, माझ्याच्यानं चिंचोके भाजून खाववायचे न्हाईत.”

जानेवारीत दोन गोष्टी एकदम ठरल्या. एक म्हणजे सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर सत्कार. आमच्या वस्तीच्या समितीचे अध्यक्ष उत्साही गृहस्थ. स्वतःच्याच सत्काराची तयारी इतक्या निरपेक्षपणे करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसरी गोष्ट अशी, की शाळा आमच्या वस्तीसाठी गाडी सुरू करणार होती आणि गाडीत पोरांबरोबर बसायला एक बाई हवी होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जी पोरांबरोबर चालली आहे तिलाच घेऊ, पोरं तिचं ऐकतील. समितीचं तसं पत्र मंगळवारपर्यंत आणा.

चाललेल्यांची यादी अध्यक्षांनी फोनवरच्या ग्रुपवरून उतरवली. बारा नावं. त्यात बायका चार, पण चौघींचीही घरची शेती. गाडीत बसायला कुणालाच सवड नव्हती. अध्यक्षांनी मग आपल्या मेहुणीचं नाव पुढं केलं. मेहुणी रांजणगावला राहायची. बिबट्या तिने टीव्हीवर पाहिला असेल.

शुक्रवारी दुपारी मी मानपत्रातल्या दुसऱ्या ‘अहोरात्र’शी झटत बसलो होतो, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. ती म्हणजे वस्तीच्या टोकाला, भावाच्या विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत राहणारी. दोन वर्षांपूर्वी दौंडकडच्या सासराहून पोरीला घेऊन आली, ती परत गेली नाही. दुसऱ्यांच्या रानात फुलं तोडते. पोरगी चौथीत.

“काका, यादीत माझं नाव न्हाई.”

“तू होतीस का?”

“होते का म्हंजी? ओढ्याला पाणी हुतं त्या दिवशी तुमच्याबर कोण हुतं? दोन बारकी पोरं खांद्यावर कुणी घेतली? तुमचा तर गुडघा दुखत हुता.”

गुडघा मला लगेच आठवला. मग तीही आठवली. पदर खोचून, एक पोर खांद्यावर आणि एक काखेत घेऊन ओढा पार करताना. “हो हो,” मी म्हणालो, “पण ते एकदाच ना?”

“एकदाच. तुमच्याबर एकदा, अध्यक्षांबर एकदा. समद्यांबर एकदाच.”

ती आत आली नाही. चौकटीला धरून सांगत राहिली. भावाला ठिबकच्या नळ्या ठेवायला खोली हवी आहे, पाडव्यापर्यंत मोकळी कर म्हणतोय. ही नोकरी मिळाली तर बाजूच्या गावात एक खोली बघता येईल आणि पोरगी याच शाळेत राहील. “न्हाईतर परत दौंड,” ती म्हणाली. दौंड हा शब्द मी नोकरीत लाखो वेळा ऐकला, इतक्या जिवावर येऊन उच्चारलेला कधी ऐकला नव्हता.

मी तिला तेच उत्तर दिलं जे खिडकीतून आयुष्यभर देत आलो. “बघतो.”

बघितलंही. अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “ती व्हय? आली हुती की माझ्याबर एक दिस. कुणाच्यातरी बदली असंल.” शेवंतीचा मळा असलेल्या बाईला विचारलं. ही आमच्या बारांतली सर्वांत तिखट. तीही म्हणाली, “माझ्याबर आली हुती एकदा. थाळी झाक वाजवती.” आणखी दोघांना विचारलं. एकदा, एकदा. माझा स्वतःचाही अनुभव एकदाच. पाच साक्षी जुळल्या. मी न्यायी माणूस. मानपत्राच्या शेवटी ‘तसेच इतर ग्रामस्थांचे बहुमोल सहकार्य’ अशी ओळ घातली. या एका ओळीखाली मराठीत आजवर किती माणसं पुरली गेली असतील, कोण जाणे.

शनिवारी सकाळी अध्यक्षांचा निरोप आला, मानपत्रात ‘सतत चार महिने’ असं घाला. मला राहवलं नाही. कपाटावरचा डबा काढला आणि खरे दिवस किती ते मोजायला बसलो. सवयीने दहा-दहाचे ढीग केले. सात ढीग आणि वर आठ. अठ्ठ्याहत्तर.

इतकंच हवं होतं. पण तिकीट खिडकीवरच्या माणसाला आकडा मिळाला की तो उलटा तपासल्याशिवाय चैन पडत नाही. म्हटलं, बघू या आत्याचं डोकं चुकलं होतं का. आम्ही बारा जण. पहिला माणूस बाकीच्या अकरांबरोबर जाणार, म्हणजे अकरा दिवस. दुसऱ्याचं पहिल्याशी आधीच झालंय, त्याचे नवे दहा. तिसऱ्याचे नऊ. असं उतरत उतरत एकापर्यंत. अकरा, दहा, नऊ, आठ... बेरीज सहासष्ट.

परत केली. सहासष्ट.

आत्या चुकली, असं मी क्षणभर मानलं. थोडं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग सहज, वर आणखी एक माणूस धरून पाहिला. तेरा जण असतील तर पहिल्याचे बारा दिवस, मग अकरा, मग दहा. सहासष्टात बारा मिळवा.

अठ्ठ्याहत्तर.

जवळपास नव्हे. बरोबर. मी चष्मा काढून ठेवला आणि त्या ढिगांकडे पाहत राहिलो. खिडकीत माणसं मोजणं सोपं असतं, एक तिकीट एक माणूस. इथे एकाही चिंचोक्यावर कुणाचं नाव नव्हतं, एकही चिंचोका एका माणसाचा नव्हता. प्रत्येक म्हणजे कुणीतरी दोघं एका दिवशी बरोबर चालल्याची खूण, बस्स. आणि तरी त्या मुक्या ढिगाला माणसं किती होती ते पक्कं ठाऊक होतं. बारा असती तर सहासष्ट, तेरा असतील तर अठ्ठ्याहत्तर, चौदा असती तर एकदम एक्क्याण्णव. मधला सत्तर किंवा पंचाहत्तर हा आकडा कुणाचाच नाही. तितक्या दिवसांत सगळ्यांनी सगळ्यांबरोबर एकेकदा चालावं अशी टोळी जगात जमवताच येत नाही. मी पुष्कळ वाचलं आहे, देवाधर्माबद्दलही वाचलं आहे, आणि अंगावर काटा येण्याच्या बाबतीत मी कंजूष माणूस आहे. त्या सकाळी आला.

पण खरा काटा पुढे होता. एकदा. सगळे म्हणत होते ती एकदाच आली. अरे, मग मी अध्यक्षांबरोबर किती वेळा गेलो? एकदाच. शेवंतीवालीबरोबर? एकदाच. आत्याच्या नियमात दोनदा हा प्रकारच नव्हता. कुणीही कुणालाही एकदाच पाहिलं होतं. आम्हा बारांना एकमेकांची हजेरी ग्रुपवर दिसत होती, म्हणून आम्ही एकमेकांना पूर्ण धरलं. ती ग्रुपवर नव्हती, म्हणून प्रत्येकाने आपापल्या एकदावरून तिला बदलीत काढलं. बारा माणसांनी बारा ‘एकदा’ खिशात ठेवले आणि ते एकत्र करायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. माझा तर गुडघा साक्षीला होता.

रविवारी सकाळी देवळापुढे सत्काराची बैठक होती. अध्यक्षांनी शाली आणून ओळीने मांडल्या होत्या, बारा. मी डबा घेऊन गेलो आणि म्हणालो, “माणसं तेरा होती.”

“काका, यादी म्हंजी यादी,” अध्यक्ष म्हणाले. “ग्रुपवर बारा हायेत, मोजून घ्या.”

“ग्रुपवर फोन बारा आहेत.”

मग मी हिशेब सांगितला. तोंडी हिशेब सकाळी कुणाला पटत नाही. अध्यक्ष मात्र हुशार माणूस, त्यांनी बरोबर नेमक्या जागी बोट ठेवलं. “आसं बी आसंल की, बारा जणांची फेरी सहासष्टात झाली आन् म्होरं दुसरी सुरू झाली. वरचे बारा दिस दुसऱ्या फेरीचे. काय?”

शंका चांगली होती. मी म्हटलं, “मग त्या दिवसांत कुणीतरी कुणाबरोबर दुसऱ्यांदा गेलं असणार. इथे कोण कुणाबरोबर दोनदा गेलंय, हात वर करा.”

हात वर आले नाहीत. न बोलणारे दोघे भाऊ शेजारी शेजारीच बसले होते. थोरला म्हणाला, “ह्याच्याबर दोनदा? एकदा गेलो तवाच आत्यानं शपथ घातली हुती.”

“तेवढ्यात चार शब्द बोल्ला तू माझ्याशी,” धाकटा म्हणाला. “‘म्होरं बघ, म्होरं बघ.’”

सगळे हसले. मी पारावर चिंचोके मांडायला लागलो. “ही अध्यक्षांची ओळ. बाकीच्या अकरांबरोबर अकरा दिवस.” अकरा मांडले. “ही थोरल्याची. अध्यक्षांशी झालंय, राहिले दहा.” दहा मांडले. तिसरी ओळ नऊची. नावं घेत घेत ओळी लहान होत गेल्या, एका बाजूने जिना उतरावा तशा. सातव्या-आठव्या ओळीपर्यंत माणसं स्वतःच सांगायला लागली, “आता माझं, पाच.” शेवटची ओळ एका चिंचोक्याची. बारावं माणूस मी. माझं सगळ्यांशी झालेलं, मला नवी ओळच नाही.

डब्यात अजून वाजत होतं. मी तो उपडा केला. बारा पडले.

खरं सांगायचं तर मी इथंवरच विचार केला होता. पुढे ‘म्हणून तेरा’ असं म्हणून भाषण संपवणार होतो. तेवढ्यात शेवंतीवाली उठली, पाराशी आली, त्या बारांतला एक चिंचोका उचलला आणि म्हणाली, “ह्यो माझा.”

“काय तुझा?” अध्यक्षांनी विचारलं.

“ती माझ्याबर आली हुती तो दिस. कुठल्या वळीत हाय त्यो? कुठंच न्हाई. मंग ह्यातलाच की.”

मला घरात तीन तास बसून हे दिसलं नव्हतं. उरले ते नुसते बारा नव्हते. आम्ही बारा जणांनी ज्याला ‘एकदा’ म्हणून बाजूला टाकलं, ते प्रत्येकाचं एकेक होतं. थोरला भाऊ उठला, त्याने एक घेतला. धाकट्याने घेतला. म्हणाला, “पाऊस हुता त्या दिशी. तिनं पोरांना पोत्याच्या खोळी करून दिल्या हुत्या.” दुसरी एक म्हणाली, “माझ्याबर आली तवा मी निम्म्या वाटंत रडाया लागले हुते, उसात कायतरी हाललं म्हणून. तिनं मलाच हाताला धरून नेलं.” मी माझा घेतला. एक जण बैठकीला नव्हता, दौंडला पाहुण्यांना गाडीवर सोडायला गेला होता. त्याला फोन लावला. मागे गाडीची घोषणा चालू होती, तिच्यावरून तो ओरडला, “कोण, विहिरीवरची? आली हुती की एकदा! का वं?” त्याच्या बायकोने त्याचा चिंचोका उचलला.

पारावर एकच उरला. अध्यक्षांनी शालींकडे पाहिलं, मग चिंचोक्याकडे. माणूस वाईट नव्हता, फक्त मेहुणी होती. शेवंतीवाली म्हणाली, “भाऊ, उचला आता. तुमचाच हाय त्यो. का मेव्हणीला बोलवू उचलाया?”

त्यांनी उचलला. “पत्राचा कागद आणा,” म्हणाले.

पत्र मी लिहिलं. ‘मुलांना नेण्या-आणण्याची जबाबदारी घेतलेल्या तेरा जणांपैकी एक’ असं. किती दिवस, तेही लिहायचं होतं. अध्यक्ष म्हणाले, चार महिने टाका. मी म्हटलं, बारा दिवस. “बाराच? शोभत न्हाई.” मी त्यांना सांगितलं, की त्यांचेही बाराच आहेत, माझेही बाराच, तेरापैकी कुणाचाही एक दिवस कमी नाही की जास्त नाही. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि “लिहा” म्हणाले. चार महिन्यांचा पहारा त्यांनी मनात पुष्कळ वाढवला असावा.

मंगळवारी तिला स्कूटरवर मागे बसवून शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी पत्र वाचलं. “बारा दिवस?” त्यांनी भुवया उंचावल्या.

“प्रत्येकाचे बाराच,” मी म्हणालो.

“मग ठीक.” त्यांनी पत्र फाइलला लावलं आणि तिला सांगितलं, “एक तारखेपासून. सकाळी साडेसहाला. दारं तुम्ही लावायची, ड्रायव्हरनं नाही.”

ती “व्हय” म्हणाली. बाहेर आल्यावर फाटकाशी थांबली. माझ्याच्याने राहवलं नाही; आत्याचा नियम, ओळी, उरलेले बारा, सगळं तिला सांगितलं. बढाईच म्हणा. ढिगातून माणूस कसा बाहेर आला ते मला कुणालातरी पुन्हा सांगायचं होतं, आणि जिचं होतं तीच समोर होती.

तिने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, “बारा दिस व्हय? असतील.”

“असतील नव्हे, आहेतच.”

“न्हाई, तुम्ही म्हणता ते खरंच. पर तुम्हाला आदल्या सांजंला कळायचं ना ग्रुपवर, उद्या कोण ते? माझ्याकडं कुठला फोन. सकाळी पोरं निघायच्या टायमाला कुणीतरी बांधावरनं हाक मारायचं. कवा यायची, कवा न्हाई. म्हणून मी आपली रोजच उठून, भाकरी बांधून, काठी घिऊन दारात बसायचे. हाक न्हाई आली की मंग फुलं तोडाया जायचे.”

“रोज?”

“मंग? कळणार कसं?”

तिने पदर डोक्यावर घेतला आणि स्कूटरकडे चालू लागली. मी किल्ली हातात धरून तिथंच उभा राहिलो. पत्र आत फाइलला लागलं होतं, आणि त्यात ‘बारा दिवस’ असं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.